डॉक्टरकाका आणि नवऱ्याची कर्तव्ये

लग्न कसं जमवावं, कसं टिकवावं आणि त्यात सुखानं कसं नांदावं, याविषयी चारएकशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज धर्मोपदेशकांनी जे जे लिहून ठेवलंय, ते डॉक्टरकाकांनी जवळजवळ सगळं वाचलेलं होतं. आणि स्वयंपाकघरातून बायकोनं हाक मारली, तर ती ऐकू यायला त्यांना निदान तिसरी हाक लागायची. कान उत्तम होते. शेजाऱ्यांचं मांजर कुंपणावर चढलं तरी त्यांना कळायचं. काकूंची हाक मात्र पुस्तकापाशी येऊन थांबायची आणि 'हे एवढं वाक्य' संपेपर्यंत ताटकळत राहायची. इंग्लंडमधल्या स्लाऊला त्यांच्या घरी मी काही वर्षं भाडेकरू म्हणून राहिलो. त्या देशात त्यांच्याइतका जीव मला दुसऱ्या कुणी लावला नाही, आणि त्यांच्याइतका संतापही मला दुसऱ्या कुणाचा आला नाही.

काका मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती घरातले. तरुणपणी डॉक्टर होऊन इंग्लंडला आले आणि निवृत्त होईपर्यंत भूलतज्ज्ञ म्हणून इस्पितळात राहिले. आयुष्यभर लोकांना झोपवलं, आता संध्याकाळच्या उपासनेत आम्हाला झोपवतात, असं सुमनकाकू म्हणायच्या. त्या स्वतः नर्स होत्या. मी पुण्याचा. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरीला लागलो होतो आणि खोली शोधत त्यांच्या दारात उभा होतो. काकांनी मला वरची खोली दाखवली, हीटर दाखवला, आणि मग जिन्यात थांबवून म्हणाले, "बाकीचं नंतर बोलू. इन धिस हाउस वी ईट अ‍ॅट सेव्हन. जेवणानंतर कौटुंबिक उपासना. तुम्ही बसणार."

"काका, मी हिंदू आहे."

"मग? हिंदू लोक सातला जेवत नाहीत का?"

खालून काकू ओरडल्या, "बस रे बाबा. थोडाच वेळ असते. बाहेर एवढी थंडी आहे, जाणार कुठं?"

ही अट त्यांच्या लहरीतून आलेली नव्हती. ज्या प्युरिटन मंडळींचे ग्रंथ ते वाचायचे, त्यांच्या मते घर हीच एक छोटी मंडळी, छोटं देऊळ म्हणा ना. त्या छपराखाली जो जो झोपतो, मग तो मुलगा असो, नोकर असो की पाहुणा, त्याची काळजी घरच्या कर्त्यावर. त्यामुळे पहिल्या रात्रीपासून मी काकांच्या जबाबदारीत जमा झालो. आईला फोन केला का, कानटोपी घेतली का, काल उशिरा का आलात, सगळी चौकशी व्हायची. माझ्या व्हिसासाठी रोज प्रार्थना व्हायची आणि तीही अर्जात काय काय जोडलंय त्याचा उल्लेख करून. मधे माझी नोकरी गेली तेव्हा तर ते रोज सकाळी टाय बांधून मागच्या काचेच्या खोलीत बसायचे आणि माझा खोटा इंटरव्ह्यू घ्यायचे. मला सॉफ्टवेअरमधलं काय येतं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण मी मान खाली घालून बोलतो हे त्यांनी बरोबर पकडलं आणि ती सवय मोडून काढली. मला पुढे नोकरी लागली त्यात त्या टायचा हात आहे, असं मी मानतो.

प्युरिटन म्हटलं की आपल्याला काळे कपडे घातलेली, हसायला बंदी असलेली माणसं आठवतात. असं कुणी म्हटलं की काका खवळायचे. "नॉन्सेन्स! नितीनराव, अहो बायकोवर प्रेम करणं हे कर्तव्य आहे, असं ठणकावून सांगणारी माणसं ती. नुसतं सांभाळणं नव्हे. डिलाइट! तिच्यात आनंद मानायचा. तो तिला दिसेल असा मानायचा. हे त्या काळात कोण म्हणत होतं?" नगरला आलेले अमेरिकन मिशनरी याच मंडळींच्या वंशातले, त्यामुळे आपण म्हणजे त्यांचे खापरपणतूच, असं त्यांचं गणित होतं. रविवारी दुपारी भाड्यानं घेतलेल्या एका चर्च हॉलमध्ये जी मराठी मंडळी जमायची, तिथले लोक त्यांना पाठीमागे 'आमचे प्युरिटन' म्हणत. काकांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

या ग्रंथांमध्ये घरातल्या प्रत्येकाच्या कर्तव्यांचा वेगळा भाग असतो. नवऱ्याचा वेगळा, बायकोचा वेगळा, आईबापांचा, मुलांचा. काकांचा नियम एकच होता. ज्यानं त्यानं आपापला भाग वाचायचा, दुसऱ्याच्या भागात डोकवायचं नाही. एकदा मंडळीतला एक नवीन लग्न झालेला मुलगा तावातावानं आला. बायको ऐकत नाही, उलट बोलते, बायबलमध्ये स्पष्ट लिहिलंय तरी मानत नाही, असं त्याचं गाऱ्हाणं होतं. काकांनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "हे सगळं तिच्या भागात आहे. तू तिच्या भागात काय करत होतास? तुझा भाग काढ." त्यांनी त्याला तासभर नवऱ्याची कर्तव्यं ऐकवली, काकूंनी थालीपीठ खाऊ घातलं, आणि तो निमूटपणे घरी गेला. पुढे त्या दोघांचं चांगलं चाललंय, असं ऐकतो. हे काकांचंच श्रेय आहे, ते मी नाकारत नाही.

मुलांच्या बाबतीत त्यांनी एक गोष्ट मनापासून पाळली होती. रागात असताना मुलांना शिक्षा करायची नाही, असं त्या जुन्या लोकांनी बजावलंय. त्यांची मुलगी रूथ लीड्सला शिक्षिका आहे. ती सुट्टीला आली की तिच्या इंग्लंडी मराठीत मला सांगायची, "बाबा आम्हाला कधी नाही मारला. तो म्हणायचा, आय अ‍ॅम अँग्री नाऊ, उद्या बोलू. आणि उद्या तो विसरून जायचा. एव्हरी टाइम!" मग बापलेक दोघंही मनसोक्त हसायचे. मीही हसायचो. काकांचा उशीर हा त्या घरातला सगळ्यात प्रेमळ विनोद होता. मुलांच्या वाट्याला तो दया म्हणून आला आणि बायकोच्या वाट्याला काय म्हणून आला, याचा विचार मी तेव्हा केलेला नव्हता.

निवृत्तीनंतर काकांनी ध्यास घेतला होता, हे सगळं मराठीत आणायचं. नुसतं भाषांतर नाही, आपल्या घरांना लागू पडेल असं. सकाळी काचेच्या खोलीत शाल गुंडाळून लिहायला बसायचे ते दुपारपर्यंत. हस्ताक्षर डॉक्टरांचंच, ते लावून संगणकावर उतरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सुरुवात बायकोच्या कर्तव्यांपासून झाली, कारण त्या ग्रंथांमध्ये तीच आधी येतात. तो भाग झपाट्यानं झाला. मग मुलांची कर्तव्यं झाली. मग नवऱ्याचा भाग सुरू झाला आणि गाडी जी अडकली ती अडकलीच. एकेका परिच्छेदाची चार चार रूपं व्हायची. 'हळुवारपणे' की 'कोमलतेने' यावर आठवडा जायचा. "हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, नितीनराव. यात घाई चालणार नाही."

काकू भाजी चिरता चिरता म्हणायच्या, "माझी कर्तव्यं मराठीत येऊन कैक वर्षं झाली. यांची अजून इंग्लिशमध्येच आहेत."

काका हसायचे. टोमणा त्यांना आवडायचा. तो खराही असू शकतो, हे मात्र त्यांच्या डोक्यात शिरत नसे.

आणि त्याच सुमाराला नगरहून ताईंच्या तब्येतीच्या बातम्या यायला लागल्या. ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच काकूंना वाढवलं, शिकवलं, काकांचं स्थळही तिनंच पाहिलं. रविवारी मंडळीतून घरी आल्यावर काकू तिला व्हिडिओ कॉल लावायच्या. आधी ताई तेच तेच पुन्हा विचारायला लागल्या. मग नावांची गल्लत व्हायला लागली. मग एका रविवारी त्यांनी काकूंना 'आई' अशी हाक मारली. काकूंनी अनेक वर्षं अशी माणसं वॉर्डात पाहिली होती. पुढे काय होणार हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. त्यांना एवढंच हवं होतं, की ताईंनी आपल्याला ओळखावं, एकदा, समोर बसून. फोन ठेवून त्या सरळ काचेच्या खोलीत गेल्या.

"अहो, तिकिटं बघू या का?"

"बघू ना. एवढा नवऱ्याचा भाग हातावेगळा होऊ दे. मधेच सोडला तर हात बसत नाही."

"ती मला विसरत चालली आहे हो."

"होय गं. जायचंच आहे."

एकटं जायला काकू घाबरत नव्हत्या. बाविसाव्या वर्षी एकट्या विमानात बसून आलेली बाई ती. पण प्रत्येक कॉलला ताई एकच सांगायच्या, जोडीनं या. आपण जमवलेली जोडी त्यांना एकदा शेजारी शेजारी बसलेली बघायची होती. मी सुद्धा म्हणालो, काकू, चला माझ्याबरोबर, मी पुण्याला जाणारच आहे. त्यांनी मान हलवली. "नको. तिनं दोघांना बोलावलंय. मी एकटी गेले तर तिला वाटेल, आमचं काही बिनसलंय." म्हणजे सगळं घोडं काकांच्या त्या भागापाशी अडलं होतं आणि तो भाग पुढे सरकत नव्हता.

त्या महिन्यात मी काय टाइप करत होतो, ते सांगतो. नवऱ्यानं बायकोची इच्छा तिनं बोलून दाखवण्याची वाट पाहू नये, तिच्या चेहऱ्यावरून ती ओळखावी आणि मागण्याआधी पुरवावी, या विषयावरची पानंच्या पानं. मराठी सुरेख होतं. एका संध्याकाळी उपासना संपली, काकू ताटं उचलून आत गेल्या, आणि माझा तोल सुटला.

"काका, हे तुम्ही वाचलंत का?"

"म्हणजे? मीच लिहिलंय."

"लिहिलंय हो. वाचलंय का?"

त्यांनी चष्मा काढला. आत नळ चालू होता तो बंद झाला. मी बोलत सुटलो. काकूंनी बोलून दाखवलंय, त्याही पुढे जाऊन विनवणी केलीय, आणि तुम्ही इथं बसून चेहऱ्यावरून कसं ओळखावं हे लिहिताय, असं बरंच काही. भाडेकरूनं घरमालकाशी बोलू नये असं बोललो. काका चष्मा पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. "यू वेअर राइट. मी रात्री प्रार्थना केली. तुमचं बरोबर आहे. तिकिटं काढा." मला भरून आलं. आपल्या अर्ध्या वयाच्या माणसाकडे येऊन असं म्हणायला मोठं मन लागतं. मी तिथल्या तिथं लॅपटॉप उघडला.

"कधीची काढू?"

"ईस्टरनंतरची. ईस्टरला मंडळीत माझं व्याख्यान आहे ना, जोडप्यांसाठी. लग्नावर."

ईस्टर अजून बराच लांब होता. मी लॅपटॉप आपटला नाही, एवढाच माझा संयम. खाली गेलो तर काकू पोळ्या लाटत होत्या आणि खूश होत्या. "ईस्टरनंतर तर ईस्टरनंतर. हो म्हणाले ना?" मग मला काकूंचाही राग आला. ईस्टरचं व्याख्यान फार रंगलं. बायका डोळे पुसत होत्या, नवरे शेजारी बसलेल्या बायकांचे हात हातात घेत होते. काकू शेवटच्या रांगेत होत्या, कारण नंतरच्या चहाची तयारी त्यांनाच बघायची होती.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. मी तोवर लग्न करून लंडनमधल्या पिनरला राहायला गेलो होतो. आदल्या रविवारी त्यांचा फोन आला होता, केतकीला घेऊन जेवायला या म्हणून, आणि मी म्हटलं, बघतो. दफनविधीला हॉल भरून लोक आले. चर्चच्या पाळकांनी सांगितलं की असा कुटुंबवत्सल माणूस विरळा. तो तावातावानं आलेला मुलगा, आता दोन पोरांचा बाप, बोलता बोलता रडला. रूथनं वडिलांची 'उद्या बोलू'ची गोष्ट सांगितली आणि लोक रडता रडता हसले. सगळे खरं बोलत होते. मला त्यांची फार आठवण येत होती, आणि तरी डोक्यात नगरची ती दुपार होती आणि मी तिथं उभ्या उभ्या त्यांच्यावर नव्यानं चिडत होतो. गेलेल्या माणसावर चिडणं वाईट. पण माझ्यानं ते थांबत नाही.

त्या वर्षी ईस्टरनंतर काका-काकू पुण्याला उतरले तेव्हा मी रजेवर तिथंच होतो. गाडी केली आणि आम्ही तिघं नगरला निघालो. काकूंनी ताईंसाठी लोकरीची शाल आणि बिस्किटांचे डबे घेतले होते. वाटेत त्या काकांना बजावत होत्या, "आधी मी आत जाते. तुम्ही मधे बोलू नका. एकदम दोघं दिसलो तर ती गोंधळेल. आधी मला नीट बघू दे तिला." काका हो म्हणाले. शिरूरच्या पुढे काकूंनी छोटा आरसा काढून केस सारखे केले, मग पुन्हा सारखे केले.

ताई हॉलमध्ये खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. सुनेनं त्यांना स्वच्छ पातळ नेसवून, वेणी घालून बसवलं होतं. काकू जाऊन शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. "ताई, मी आले. सुमन."

ताई हसल्या. पाहुण्यांकडे बघून हसतात तशा. "बसा हो. चहा घेणार ना?"

काकूंनी पुन्हा सांगितलं. लहानपणचं काहीतरी बोलल्या, शेजारच्या विहिरीचं, कुठल्याशा मास्तरीणबाईंचं. ताई ऐकत होत्या, मान डोलवत होत्या, हात काढून घेत नव्हत्या. पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. तेवढ्यात काका दारात चपला काढून आत आले, आणि ताईंचा चेहरा एकदम उजळला.

"डॉक्टर! या, या. किती दिवसांनी! बारीक झालात की."

ताई मान वळवून काकांच्या मागे, दाराकडे बघत राहिल्या. आणखी कुणी आत येतंय का, म्हणून.

"सुमन कुठंय?"

काकांची नजर ताईंच्या शेजारच्या स्टुलाकडे गेली.

"नाही आणली होय?" ताईंचा आवाज पडला. "असाल कामात. पण तिला एकदा आणा हो डॉक्टर. माझं आता डोकं चालत नाही. थोडं चालतंय तोवर आणा."

काकू शेजारीच बसल्या होत्या. ताईंचा हात त्यांच्या हातात होता. मला त्या क्षणी काकांना खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. बोला आता, काढा तुमचा भाग. काका गुडघे दुखत असताना हळूहळू खाली सतरंजीवर बसले, ताईंच्या पायांशी. इतकी वर्षं त्यांची प्रार्थना ऐकली होती, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"ताई, चूक माझी आहे. तिला आधीच आणायला हवं होतं. मी उशीर केला."

ते काकूंकडे बघून बोलायला हवं होतं. ते ताईंकडे बघूनच बोलले.

"असू द्या हो," ताई म्हणाल्या. "पुढच्या खेपेला आणा."

मग त्यांना शेजारी बसलेल्या बाईची आठवण झाली असावी. बिचारी मघापासून हात धरून बसली आहे आणि आपण तिच्याशी बोललोच नाही, असं वाटलं असावं. त्या काकूंकडे वळल्या.

"तुम्ही ओळखता का आमच्या सुमनला?"

"ओळखते," काकू म्हणाल्या. "बरी आहे ती."

"मग तिला सांगाल का? मी वाट बघतेय म्हणावं."

काकूंनी शाल उलगडून ताईंच्या खांद्यावर घातली, दोन्ही बाजूंनी नीट ओढून घेतली.

"सांगते," त्या म्हणाल्या.